हेलनला कोट नव्हता

बाईंनी माझा पदर दोन बोटांत धरून वर उचलला. ओलं फडकं उचलावं तसा. अख्खी स्टाफरूम बघत होती.

"आज काय विशेष?" त्यांनी मराठीत विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "अच्छा. आज जयंती नाही का तुमची."

तुमची. हा एक शब्द अजून माझ्या कानात बसलाय.

शारजातली शाळा. नव्वदचं दशक सरत आलेलं. मी तिथं पाचवी-सहावीला इंग्रजी शिकवायचे. बाई आमच्या सुपरवायझर, पुण्याच्या. सगळ्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. मी लागले तेव्हा त्यांना आनंद झाला होता. गाव विचारलं. वडील काय करायचे विचारलं. रेल्वेत गँगमन होते, मी सांगितलं, रुळांवर काम करायचे. मग त्यांनी माझं आडनाव पुन्हा एकदा विचारलं. त्यानंतर माझ्या डब्याला त्यांचा हात कधी लागला नाही.

त्या दिवशी मी निळी साडी नेसले होते. सुती, गडद, कडक इस्त्रीची. जयंतीला आमच्या घरी सगळे निळं घालतात. परमुलकात ना मिरवणूक, ना विहार. साडी तेवढी होती.

"ओपन डे आहे," बाई म्हणाल्या. "अरब पेरेंट्स येणार. हे असलं भडक तुमच्याकडे चालत असेल. इथं शोभत नाही. वरून काहीतरी घाला."

बाहेर कॉरिडॉरमध्ये साफसफाई करणाऱ्या आयांचे कपडे खुंटीला असायचे. बाईंनी त्यातला एक ओव्हरऑल आणून माझ्या खांद्यावर टाकला. पोपटी. पुढून बटणांचा. फिनेलचा वास मारणारा.

समोरच हेलन बसली होती. इंग्लंडहून आलेली, माझ्यासारखीच इंग्रजीची टीचर. फुलाफुलांचा स्कर्ट, गुडघ्याच्या वर. उघडे दंड. तिनं मान खाली घालून चहा ढवळला.

मी ओव्हरऑल घातला. नवऱ्याच्या वर्कशॉपचं तेव्हा काही खरं नव्हतं. मी बटणं लावली आणि वर्गावर गेले.

पालक येत होते. अबाया घातलेली एक आई आत आली, कडेवर लहान मुलगा. त्याची चड्डी ओली झालेली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मुलगा सरळ माझ्या हातात दिला. "यल्ला, हम्माम," म्हणाली. म्हणजे चल, बाथरूमला ने. मग वर्गभर नजर फिरवून मला विचारलं, "व्हेअर इज द टीचर?"

तिची मुलगी माझ्याच वर्गात. ती हळूच म्हणाली, "मामा, शी इज द टीचर."

ती आई लालेलाल झाली. सॉरी, सॉरी करत राहिली. तिची काय चूक? तिनं माझ्या अंगावर जे होतं ते वाचलं.

पोरगं माझ्या गळ्याला चिकटलं होतं, म्हणून मीच त्याला धुवायला नेलं. लेकराला धुण्यात कसली लाज? मी माझी दोन धुतलीत. पण बाथरूममध्ये कुसुमा उभी होती. आमची आया, श्रीलंकेची. घरच्या कपड्यांत, डोळे सुजलेले.

"मॅडम, ये मेरा है," ती म्हणाली. "मेरे पास एकही है. सुपरवायझर मॅडम बहुत बोला. युनिफॉर्म किधर, युनिफॉर्म किधर."

ज्यांनी खुंटीवरून काढला, त्यांनीच तिला झापलं होतं. मी तिथल्या तिथं ओव्हरऑल काढून तिला दिला. तिनं घाईघाईनं अंगात चढवला आणि पोरगं माझ्याकडून घेतलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही.

साडी मी धुतली. पुन्हा धुतली. वास गेला नाही. नवरा म्हणायचा, कसला वास, मला तर येत नाही. मला यायचा. वर्गात फळ्याकडे वळले की यायचा. रोलाच्या बाजारात कापड हातात घेतलं की यायचा. मागून कुणाचा हात खांद्याजवळ आला की मी दचकायचे. आजही दचकते. पोरगी मागून मिठी मारते आणि म्हणते, "व्हॉट हॅपन्ड, आई?" काय सांगू तिला?

आणि आई दिसायची. मी लहान असताना आई एकदा दिवाळीला नवी साडी नेसली होती. निऱ्या नीट चोपून, ताठ चालत गल्लीतून गेली. ज्यांच्याकडे ती झाडलोट करायची, त्या घरच्या बाईंनी ओट्यावरून विचारलं, "काय गं, कुणाचं लग्न आहे?" एवढंच. हसत. आई ती साडी पुन्हा नेसलीच नाही. गेली तेव्हा पेटीत घडी तशीच. शारजाच्या फ्लॅटमध्ये, एसीच्या घरघरीत मला आईची ती पाठ दिसायची. ओट्यासमोरून जाताना हळूहळू वाकत गेलेली.

उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली. पहिल्याच स्टाफ मीटिंगला टेबलावर कोट रचून ठेवलेले. करडे, गुडघ्याखाली येणारे. प्रिन्सिपल सर म्हणाले, आजपासून लेडी टीचर्सनी साडी किंवा सलवारवर हा कोट घालायचा. डिसेन्सीसाठी.

नावं पुकारली. केरळच्या मॅडमनी घेतला. हैदराबादच्या मॅडमनी घेतला. पाकिस्तानच्या मिसनं घेतला. ढीग संपत आला. माझं नाव आलं. मी उठले नाही.

"सर, हेलनचा कोट कुठाय?"

सर हसले. "हेलन इज डिफरंट."

"हाऊ, सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हेलन नखांकडे बघत होती. उत्तर सगळ्यांना माहीत होतं. म्हणायला कुणी तयार नव्हतं.

तेव्हा बाई माझ्याकडे झुकल्या. इतरांना कळू नये म्हणून मराठीत, गोड आवाजात म्हणाल्या, "कशाला तमाशा करताय? इथवर पोचलात ते खूप झालं. तुमच्या लोकांना जरा दिलं की डोक्यावर बसता."

मी उभी राहिले आणि म्हणाले, "सर, मॅडम काय म्हणाल्या ते सगळ्यांना सांगते." आणि त्यांचं प्रत्येक वाक्य इंग्रजीत केलं. शब्दाला शब्द. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. 'तुमच्या लोकांना' आलं तिथं थांबले. बाईंकडे वळून मराठीत विचारलं, "माझे कोणते लोक, बाई? नाव घ्या. तेही इंग्रजीत सांगते."

पहिल्यांदाच बाईंनी माझ्यासमोर नजर खाली घेतली.

सर म्हणाले, "खलास. मीटिंग ओव्हर."

पुढे सगळं व्हायचं ते झालं. माझा कोट टेबलावर तसाच पडून राहिला, मग कुणीतरी कपाटात टाकला. मी साडीवर जात राहिले. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. हेलननं एकदा जिन्यात गाठलं. मला दिला असता तर मीही घातला असता, म्हणाली. "मग मीटिंगमध्ये का नाही बोललीस?" मी विचारलं. ती गेली. वर्ष संपलं आणि मला सांगण्यात आलं, पुढच्या वर्षी येऊ नका. केरळच्या मॅडमनी जाताना हात घट्ट दाबला. अंगात करडा कोट होता.

बाई पुढे व्हाइस प्रिन्सिपल झाल्या. त्यांचं काही बिघडलं नाही. आईची पाठ अजून दिसते. वास अजून येतो. बोललं की भूत उतरतं, असं मला वाटलं होतं. नाही उतरत.

वर्षभर घरी बसले. मग शेजारच्या अजमानच्या एका शाळेत इंटरव्ह्यूला गेले. त्यांनी विचारलं, "एनी क्वेश्चन्स?" मी म्हणाले, एकच. तुमच्याकडे टीचरनी काय घालायचं याचा नियम सगळ्यांना सारखा आहे का? सारखा असेल तर मी गोणपाट अंगावर घेऊन शिकवीन. माझ्यासारखीपुरताच असेल तर आत्ताच सांगा, मी उठते.

समोरचे एकमेकांकडे बघू लागले.

मी उठले.