लाइट असताना चालणारं जनरेटर

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, भर उन्हात, सगळ्या दवाखान्याची लाइट चालू असताना आमच्या ह्यांनी जनरेटर सुरू केलं, आणि तिथून माझं डोकं जे चक्रावलं ते आजपर्यंत थांबलेलं नाही!

आधी थोडं सांगते. आमचे हे, म्हणजे प्रफुल, रायपुरात शंकर नगरच्या बाजूला लहान मुलांच्या एका दवाखान्यात जनरेटर सांभाळतात. मागच्या उन्हाळ्यात आमची पोट्टी दिवस भरायच्या आधीच झाली आणि त्याच दवाखान्यात वर, काचेमागं, श्वासाच्या मशीनवर ठेवली. आईला आत थोडाच वेळ सोडतात. बाकी सगळा दिवस मी मागच्या शेडपाशी बाकावर बसून असायची. तिचा श्वास लाइटवर, आणि लाइट गेली तर ह्यांच्या मशीनवर. मग मी दुसरीकडे बसणार कुठं?

बसून बसून किस्से गोळा झाले. डिझेलसारखंच आहे त्यांचं. एकदा कपड्याला लागलं की किती धुवा, वास जात नाही. समजले किती, विचाराल तर अर्धेही नाही. पण सांगते.

त्या पहिल्या दिवशी मशीन धडधडली आणि मी उठूनच उभी राहिली. "लाइट गेली का वो?"

"नाही. आहे."

"मग चालू काहून केलं?"

"लाइट गेल्यावर चालू होते का नाही ते पाहाले."

"आणि लाइट गेल्यावर कोण चालू करते?"

"कोणीच नाही. ते आपोआप होते."

"मग तेव्हा तुम्ही काय करता?"

ह्यांनी कपड्यानं हात पुसले आणि म्हणाले, "उभा राहतो."

* * *

शेडमध्ये ह्यांचे उस्ताद आहेत, वासुकाका. मूळचे अमरावतीकडचे. सगळी नोकरी एका अणुवीज केंद्रात गेली, तिथली संकटाच्या वेळची डिझेल जनरेटरं सांभाळण्यात. कोणतं केंद्र ते सांगत नाहीत. रिटायर होऊन मुलाकडे रायपुरला आले, घरी बसवेना, म्हणून इथं.

मी म्हटलं, "काका, ते तर वीज बनवायचं ठिकाण. तिथं जनरेटर काहून? हलवायानं दुसऱ्याच्या दुकानातून पेढे आणल्यासारखं झालं!"

"सुनबाई, गॅस बंद केला की कढई लगेच थंडी होते का?"

"नाही."

"तशीच ती भट्टी. बंद केली तरी आतून तापतच राहते. तिच्यावर पाणी फिरवत राहा लागते. पाण्याले पंप, पंपाले लाइट. आणि लाइट नसली तर आम्ही."

इथपर्यंत समजलं. मी विचारलं, "मग कितीदा काम पडलं?"

"एकदाही नाही!" काका म्हणाले, ते पण छाती फुगवून.

ह्यांनी मला नंतर सांगितलं, काका पहिलं स्थळ पाहायला गेले तेव्हा मुलीच्या बापानं विचारलं होतं, "काम काय करता?"

"मशीन सांभाळतो."

"दिवसातून किती चालते?"

"चालायचं काम पडूच नये, असं पाहतो."

मुलीचा बाप चहा अर्धा ठेवून उठला. बाहेर येऊन मध्यस्थाला म्हणाला, "पोट्टा चांगला आहे हो, पण बेकार आहे!"

* * *

मे महिना. शेडचा पत्रा असा तापलेला की वर पापड भाजावा. आणि काकांनी मशीनला हीटर लावलेला! मी हात लावून पाहिला. खरंच, मशीनच्या अंगातलं पाणी गरम.

"काका, ह्या उन्हात?"

"ऊन काय कामाचं? तुले झोपेतून उठवून लगेच पळाले लावलं तर पळशीन का? मशीनले तर उठताबरोबर पूर्ण जोर लावा लागते. तिचं अंग गरमच पाहिजे. पावसाळा, हिवाळा, रोज."

मी वर गेली. काचेमागं माझ्या पोट्टीवरही हीटर. मूठभर जीव, टोपी घालून गरम दिव्याखाली झोपलेला. खाली आली तर मशीन झोपलेली, तिच्याही पोटाशी हीटर. मला समजेना, कोणाची जास्त काळजी करू.

सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या म्हणाल्या, "मशीनले हीटर? त्या म्हाताऱ्याले ऊन लागलं असन, कांद्याचा रस दे!"

वरच्या वॉर्डात लक्ष्मी दीदी नर्स आहे, इथलीच, छत्तीसगढी. ती खाली आली. पाहते तर मशीनपाशी हीटर, थर्मामीटर, तेल बोटाला लावून पाहणं, सगळं चालू. आणि काकांच्या खुर्चीवर पंखासुद्धा नाही, बनियन घामानं चिंब. दीदी म्हणाली, "कका, अगले जनम में मशीन बन के आना!"

* * *

दवाखान्यात जनरेटर दोन आहेत. एक बंद पडलं तर दुसरं. पण काकांचा हुकूम, दोघींचं काहीच एक नाही पाहिजे. टाकी वेगळी, बॅटरी वेगळी, खोलीसुद्धा वेगळी. "दोघी एकाच टाकीवर प्याल्या तर ती एकच मशीन झाली!" असं म्हणतात.

एकदा हे म्हणाले, "काका, आजच दोघींचं ऑइल बदलून टाकतो."

काका भडकले. "अबे, आज तुझं डोकं वाकडं असन तर दोन्हीकडे वाकडंच काम करशीन! एकीले आज, दुसरीले उद्या. दुसऱ्या डोक्यानं."

मी विचारलं, "दुसरं डोकं आणायचं कुठून?"

"झोपून उठला की नवंच असते."

इथं थांबले असते तर ठीक होतं. पण एके दिवशी मी डबा आणला आणि काकांना म्हटलं, तुम्हीही दोन घास खा. तर डबा बाजूला सरकवला. "दोघांनी एका डब्यातलं खाल्लं आणि दोघांचं पोट एकदम बिघडलं तर मशीन कोण पाहीन?" तेव्हापासून ह्यांनी माझ्या हातचं खायचं आणि काकांनी काकूंच्या हातचं. मला तर रागच आला. माझ्या स्वयंपाकाला काय झालं? पण वर पोट्टी होती. म्हटलं, राहू दे बापा, चांगल्यासाठीच असेल.

मग एका गुरुवारी मी कढी केली. दुपारी हे पोट धरून संडासाकडे पळाले. पाहतात तर शेजारच्या संडासाचं दार आतून बंद! आतून काकांचा आवाज आला, "प्रफुल्या... दही कोणत्या दुकानातलं रे?"

काकूंनीही कढीच केली होती!

मशीनपाशी मी एकटी उभी. लक्ष्मी दीदीनं वरून विचारलं, "नीचे सब ठीक है ना?" मी म्हटलं, "हव दीदी, दोनों मशीन ठीक हैं. दोनों आदमी गए!"

* * *

मी घाबरली की काका धीर द्यायला गोष्ट सांगायचे. ह्या माणसाची धीर द्यायची रीत ऐका.

पोट्टीला त्या दिवशी श्वास घ्यायला जास्त त्रास होऊन राहिला होता. डॉक्टरांनी मशीनचा जोर वाढवला. मी बाकावर बसून रडत होती. काका जवळ आले. "रडू नको. तुले आमच्या केंद्रातली एक गोष्ट सांगतो. मोठे साहेब येणार होते, म्हणून सगळं रंगवून काढलं. फरशी, पाइप, मशीन, सगळं चकाचक. साहेब यायच्या आधी आम्ही चालवून पाहिली. तर चालूच होईना!"

माझं रडं थांबलं. "मग?"

"इंजिनात डिझेल सोडणारी एक बारीक दांडी असते. रंगाऱ्यानं तिच्यावरही ब्रश फिरवला. रंग सुकला, दांडी चिकटली. दुसरी मशीन उभी होती म्हणून काही बिघडलं नाही. पण पाह्य, सुनबाई, एका ब्रशानं एवढी मोठी मशीन मुकी केली!"

मी म्हटलं, "काका, हे तुम्ही मले धीर द्याले सांगून राहिले?"

"मग काय! आपल्या मशीनले रंग आहे का? पाह्य, कशी कळकट आहे. हे पाहून धीर नाही येत?"

खरंच सांगते, थोडा आला.

ह्या रंगापायी आणखी एक झालं आहे. पोट्टी व्हायच्या आदल्या वर्षी दवाखान्यानं मुलांसाठी सगळीकडे चित्रं काढली. चित्रवाला शेडमध्येही आला. काका दारात आडवे झाले. "भिंतीवर हत्ती काढा नाही तर उंट काढा. मशीनवर एक थेंब नाही!" त्यानं भिंतीवर निळा हत्ती काढला. मग दसरा आला. हे हळदकुंकू घेऊन मशीनची पूजा करायला निघाले, तर काकांनी हात धरला. "कुंकू बारीक असते. कुठंही जाते."

"मग पूजा कोणाची करू?"

तेव्हापासून आमच्याकडे दसऱ्याला हळदकुंकू, फूल, नारळ, सगळं त्या निळ्या हत्तीला असते!

* * *

काका रोज टाकीच्या खालून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत काढतात आणि उन्हात धरून पाहतात, खाली पाणी तर नाही साचलं. एका पेशंटच्या आजीनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी स्वतःची रिकामी बाटली घेऊन आली. "बेटा, मेरे नाती के लिए भी थोड़ा दे दो, खाँसी है!"

* * *

आणि आता ते मंगळवारचं.

महिन्यातून एका मंगळवारी, सकाळी अकराला, काका खोटं खोटं नाही करत. खरोखर मेन खटका ओढून सगळ्या दवाखान्याची लाइट घालवतात. मशीन आपोआप उठते की नाही, ते तेव्हाच समजते. श्वासाच्या मशीनमध्ये थोडा वेळ चालणारी बॅटरी असते, ते मला माहीत होतं. पण माहीत असून काय होते?

तो मंगळवार आला तेव्हा पोट्टी अजून काचेमागंच होती. मोठे डॉक्टरच काकांना म्हणाले, "ह्या महिन्यात राहू द्या. वर लेकरं जास्त आहेत."

काका म्हणाले, "साहेब, एक दिवस लाइट जाणारच आहे. तुम्ही वर उभे, सिस्टर उभ्या, प्रत्येक लेकराजवळ एक माणूस, तेव्हा गेली तर बरं? की कोणी जागेवर नसताना गेली तर बरं?"

डॉक्टर म्हणाले, "ओढा."

आणि खटका ओढायची पाळी कोणाची? आमच्या ह्यांची!

सकाळी घरून निघताना मी ह्यांचा हात पकडला. "पोट्टीची शपथ आहे. तुम्ही ओढू नका. काका ओरडू देत, नोकरी जाऊ दे. तुम्ही हात लावू नका."

मी हात सोडेना. शेवटी हे म्हणाले, "बरं. नाही लावत."

अकरा वाजत आले. वर काचेपाशी सगळ्या आया उभ्या. कोणी पदर तोंडाला लावलेला, कोणी मारुतीचं नाव घेऊन राहिली. आत डॉक्टर. माझ्या पोट्टीजवळ लक्ष्मी दीदी, हातात श्वास द्यायचा रबरी फुगा. सगळ्यांत निवांत कोण? मी! मला माहीत होतं ना, लाइट जाणारच नाही. बाजूच्या बाईला मी म्हटलंसुद्धा, "दीदी, चिंता मत करो. कुछ नहीं होगा."

आणि लाइट गेली!

सगळ्या मशीनी एकदम टिंटिं करायला लागल्या. काचेत मला माझंच तोंड दिसलं, पोट्टी दिसेना. दीदीचा हात फुग्यावर. खालून काही आवाज नाही. काही नाही. मग जमिनीतून आल्यासारखी धडधड आली, आणि लाइट भक्कन आली. पोट्टीची छाती वर-खाली होऊन राहिली होती. मशीनच्या तालावर, तशीच, जशी आधी होत होती. दीदीनं फुगा दाबलाही नव्हता.

डॉक्टरांनी टाळी वाजवली. "टेस्ट एकदम बढिया!" आया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी मात्र जिना उतरून शेडकडे पळाली. डोळ्यांत पाणी, अंगात आग. पोट्टीची शपथ मोडली ह्या माणसानं!

शेडच्या दारात मी ओरडली, "घेतली होती ना शपथ? कोणत्या तोंडानं ओढला?"

हे खटक्यासमोर उभे. दोन्ही हात पाठीमागं, एकमेकांत घट्ट अडकवलेले. म्हणाले, "मी हातच नाही लावला."

काका मशीनकडे तोंड करून होते, ते वळले. "खोटं नको बोलू प्रफुल्या! मी 'ओढ' म्हटलं आणि लाइट गेली!"

"नाही लावला काका. तुम्हीच ओढला असन."

"मी? मी तर इथं!"

आम्ही तिघं त्या खटक्याकडे पाहत राहिलो. तो वरच होता. जसा रोज असतो तसा. तेवढ्यात गल्लीतून रसवाला ओरडला, "भैया, आपके यहाँ भी गई क्या? पूरे मोहल्ले की गई है!"

लाइट आली ती दुपार उतरल्यावर. तोवर आमची मशीनच चालत होती. वर मात्र कोणी काही सांगितलं नाही. एका आईनं विचारलं, "इतनी लंबी टेस्ट?"

लक्ष्मी दीदी म्हणाली, "हव. आज अच्छे से देख रहे हैं."

आया हसल्या आणि डबे उघडून जेवायला बसल्या.

तर तुमच्या ओळखीत कोणाचं लेकरू अशा काचेमागं असेल, तर त्या आईला माझा एवढा निरोप द्या. मंगळवारी अकराला लाइट गेली तर ती आमच्या ह्यांनी घालवली समजावं. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वेळेला गेली तरीही ह्यांनीच घालवली समजावं, आणि काचेपाशीच उभं राहावं.