शेगडीच्या अलीकडे

लग्नाला आठवडाही झाला नव्हता, तेव्हाच त्या दोघांच्या स्वयंपाकघरात वाटणी झाली. भांडण वगैरे काही नव्हतं. खोलीच एवढीशी, की एकाला वळायचं तर दुसऱ्यानं पोट आत घ्यायचं. तो कांदा चिरून वळला, कोपर पातेल्याला लागलं आणि उकळतं पाणी तिच्या पावलावर सांडलं. पाऊल गार पाण्याच्या बादलीत बुडवून बसल्या बसल्या तिनं सांगून टाकलं, की यापुढे शेगडीच्या अलीकडचं सगळं तुमचं आणि शेगडीवरचं सगळं माझं. तो आधीच मेल्याहून मेल्यासारखा झालेला. त्यानं मान डोलावली ती डोलावलीच.

तो कुलपं दुरुस्त करायचा. बाजाराच्या कोपऱ्यावर कपाटाएवढं दुकान, दाराला किल्ल्यांचे झुबके लटकलेले. त्याचं खरं नाव कुणाला विचाराल तर विचारात पडतील, सगळे त्याला किल्लीवालाच म्हणायचे. किल्ली हरवलेलं कुलूप आलं की तो बारीक तार आत सरकवायचा, कान टेकवायचा आणि डोळे मिटायचा. आतला खटका कुठे हलला ते त्याला ऐकू यायचं. बायको शिवणाच्या कारखान्यात काजं-बटणं करायची. दिवसाला अडीचशे सदरे हाताखालून जायचे, पण घरी त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण कायम तुटलेलं. कुणी म्हटलं, तर म्हणायची, "घरचं काम फुकट असतं, म्हणून मागे पडतं."

मूलबाळ झालं नाही. घरात तिसरं आवाज करणारं कोण, तर कुकर.

तर वाटणी अशी, की आणायचं, निवडायचं, धुवायचं, सोलायचं, चिरायचं ते त्यानं. भांडं विस्तवावर चढलं की तिचं. उतरलं, जेवून झालं, की घासायला पुन्हा त्याचं. संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून टेबलाशी बसायचा, पुढ्यात बटाटे नाहीतर कोबी, आणि पाठीमागे तिचा कारभार चाललेला. शेगडीच्या बटणाला एक्केचाळीस वर्षांत त्याचा हात लागला नाही. एकदा तिच्या, तेव्हा परगावी राहणाऱ्या, थोरल्या बहिणीला बरं नव्हतं म्हणून ती दहा दिवस तिकडे राहिली, तर या गृहस्थानं दहा दिवस पाव आणि केळी खाल्ली. परत आल्यावर ती कपाळाला हात लावून हसली होती. बहिणीला, शेजाऱ्यांना, कारखान्यातल्या बायकांना तिनं ते इतक्यांदा सांगितलं, की किल्लीवाल्याला साधं पाणी उकळता येत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक झालं. तोही हसायचा. दिलेला शब्द पाळला होता हे काही कुणाला सांगत बसला नाही.

मग तिचं दुखणं निघालं. पोटात होतं आणि फार आत पोचलं होतं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, की फार तर सहा महिने. ती रडली नाही. रस्त्यानं घरी येताना एवढंच म्हणाली, की उद्यापासून तुम्ही शेगडीशी उभे राहायचं आणि मी स्टुलावर बसून सांगायचं. सहा महिन्यांत माकडसुद्धा भात लावायला शिकेल.

आता गंमत अशी, गंमत म्हणायची जीभ होत नाही, पण होती, की त्याला सगळं येत होतं. एक्केचाळीस वर्षं पाठ करून बसलेला माणूस, पण कान कुलपं उघडणारे. कांदा तेलात पडल्यावर आधी कसा चरचरतो, मग कसा मऊ पडतो आणि नेमका कधी लाल होऊन गप्प होतो, हे त्याला तिच्याइतकंच ठाऊक होतं. भाताचं पाणी आटत आलं की झाकण कसं वेगळं वाजतं, डाळ लागायच्या आधी कसे जड बुडबुडे येतात, मीठ घालून झालं की ती चमचा दोनदा कडेवर कशी आपटते, सगळं. पहिल्या दिवशी कांदा टाकला तेव्हा हात आपोआप विस्तव बारीक करायला निघाला.

त्यानं तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

कशासाठी, तर त्याच्या मनानं एक घेतलं होतं. या बाईनं शेगडीवर भांडं ठेवून कधी दारापर्यंतसुद्धा पाय टाकला नव्हता. दारावर कुणी आलं तरी आतूनच ओरडायची, की थांबा, माझं भांडं वर आहे. जोवर शेगडी तिच्यावाचून अडते आहे, तोवर ती कुठे जायची नाही, असं त्याला वाटलं. शहाण्या माणसाला हे पटायचं नाही. पण डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडलेल्या माणसाकडे शहाणपण कुठून असणार?

कांदा काळा झाला. ती स्टुलावरून बघत होती.

"अहो, हा कांदा आहे की कोळसा?"

"तू म्हणालीस ना, लाल होऊ दे."

"लाल म्हटलं होतं. सरका बाजूला, सरका."

आणि ती उठली. त्याच्या हातातलं उलथनं ओढून घेतलं, दुसरा कांदा टाकला, बडबड करत परतला. गालांवर रंग आला होता. त्या दिवशी चार घास जास्त जेवली. किल्लीवाल्यानं मनाशी धरलं, की लागू पडलं.

मग रोजचं सुरू झालं. भातात पाणी जास्त, डाळीत मीठ नाही, बटाटे खाली लागलेले आणि वर कच्चे. एकदा तर अंडी उकडायला ठेवून पाणीच घातलं नाही. चांगलं येत असताना वाईट करायचं म्हणजे सोपं नसतं, त्याला आदल्या दिवशीपासून विचार करावा लागायचा. ती हसायची, चिडायची, वैतागायची आणि उठायची. सुरुवातीला अर्धा तास उभी राहायची. मग पाव तास. मग उभं राहून झालं, की दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ते त्याला दिसत होतं. पण दिसतं ते सगळं माणूस बघतोच असं नाही.

थोरली बहीण आता दोन गल्ल्या सोडून राहायची. सत्तरीला आलेली, गुडघ्यांनी जेरीला आणलेली, तरी एक दिवसाआड जिना चढून यायची. तिनं त्याला बाजूला घेऊन दोनदा सांगितलं, की भावजी, तिला उभं करू नका, काय कच्चं-पक्कं होईल ते गिळा. तो मान खाली घालून बरं म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध उतू घालवायचा.

चौथ्या महिन्यात एके दिवशी ती कोबी परतता परतता भिंतीला टेकली आणि तशीच घसरत खाली बसली. उलथनं हातातच होतं. त्यानं उचलून पलंगावर निजवली. आता त्याच्या चिरायच्या पाटाएवढंच तिचं वजन असेल असं त्याला वाटलं. त्यानंतर ती शेगडीपर्यंत आली नाही.

दोन दिवसांनी बहीण आली तेव्हा तो तांब्या भरून खोलीकडे निघाला होता. दार लोटलेलं होतं. आतून बायकोचा आवाज आला आणि तो जागीच थांबला.

"ताई, त्यांना नाही येत गं. मी किती जीव टाकला. कुलपं सोडली तर त्या माणसाला काही म्हणजे काही येत नाही. माझ्यामागे पाव-केळी खाऊन मरतील."

आणि ती रडत होती. दुखणं कळलं तेव्हा न रडलेली बाई हुंदके देऊन रडत होती. दुपारचा एक डबा तेवढा पोचव, तुझ्या गुडघ्यांचं मला कळतं, पण दुसरं कुणाला सांगू, असं म्हणत होती. बहिणीनं शब्द दिला. बाहेर त्याच्या हातातल्या तांब्यातलं पाणी पायांवर सांडत राहिलं.

बहीण गेल्याबरोबर त्यानं शेगडी पेटवली. मसूर शिजत घातले, लसूण ठेचून तेलात टाकला, कांदा नेमका त्या घडीला उतरवला. चमचा दोनदा कडेवर आपटला. वाटीत मऊ भात, वर डाळ. उशाशी बसून त्यानं तिला चमच्यानं भरवलं. तिनं दोन चमचे घेतले, तिसरा तोंडात घोळवला.

"ताईनं करून ठेवली होय? लसूण माझ्यासारखा पडलाय."

"मी केली."

ती नुसती हसली.

"खरंच मी केली गं. मला येतं. पहिल्यापासून येतं. मी मुद्दाम बिघडवत होतो."

"असं कुणी करतं होय?"

"मी केलं. तू उठावंस म्हणून."

तिनं चमचा बाजूला सारला. मग वाळक्या हातानं त्याच्या मनगटावर थोपटलं, लहान मुलाला थोपटावं तसं. म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून कशाला खोटं बोलता? तुम्हाला जमत नाही ते. डब्याचं मी ताईला सांगितलंय, तुम्ही काळजी करू नका."

तो शपथा घ्यायला लागला. उद्या इथंच, तुझ्यासमोर करून दाखवतो, म्हणाला. ती म्हणाली, बरं, उद्या दाखवा. एवढं बोलूनच ती थकली होती.

सकाळी त्यानं माळ्यावरून विजेची छोटी शेगडी काढली, पुसली, तिच्या पलंगाशेजारी स्टुलावर मांडली. कांदा चिरून आणला. हाक मारली तर तिनं डोळे उघडले नाहीत. श्वास चालला होता, पण लांब-लांब. वाट कसली बघायची, असं म्हणून त्यानं तेल तापवलं आणि कांदा टाकला. बघ, आता बारीक केला विस्तव. बघ, आता रंग यायला लागला. असं एकेक सांगत तो परतत राहिला. कांदा लाल होऊन गप्प झाला तेव्हा त्यानं कढई उचलून तिच्या तोंडाजवळ नेली, निदान वास तरी पोचेल म्हणून. तिच्या पापणीचा केसही हलला नाही.

तेवढ्यात बहीण आली. खोलीत धूर, आजारी माणसाच्या उशाशी शेगडी, आणि हा कढई घेऊन उभा. तिला वाटलं, याच्या डोक्यावर परिणाम झाला. तिनं खिडकी उघडली, शेगडीची वायर ओढली आणि कढई त्याच्या हातातून घेतली. तिसऱ्या दिवशी बायको गेली.

सगळं उरकल्यावर पाचव्या दिवसापासून डबा सुरू झाला. बहीण स्वतः आणायची. बाराच्या सुमाराला जिन्यात तिची पावलं वाजायची, एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी पायरी. तो डबा घ्यायचा, जेवायचा, घासून परत द्यायचा. मला येतं, हे रोज त्याच्या ओठांवर यायचं. पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, हेही त्याला ठाऊक होतं. शिवाय ताईनं मेलेल्या माणसाला दिलेला शब्द होता तो, आपण कसा मोडायला सांगायचा, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून ठेवली होती. असे चार महिने गेले.

एके दिवशी पावलं निम्म्या जिन्यात थांबली ती थांबलीच. तो खाली गेला. बहीण पायरीवर बसली होती, डबा मांडीवर, दोन्ही हातांनी गुडघा धरलेला, तोंड पांढरं पडलेलं. त्यानं तिला हाताला धरून वर आणलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. मग आपलं आपल्यालाही ऐकू येऊ नये इतक्या हळू म्हणाला, "ताई, डबा बंद करा. मला करता येतं."

बहीण चार महिन्यांत पहिल्यांदा हसली. "तुम्हाला? भावजी, पाणी उकळता येतं का आधी?"

तो उठला. कांदा घेतला, चिरला, शेगडी पेटवली. डाळ झाली, भात झाला, बटाटे झाले. बहीण आधी हसत बघत होती, मग नुसती बघत होती. हात कुठे अडखळत नव्हता, काही शोधत नव्हता. त्यानं ताट पुढे ठेवलं. तिनं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरले. धाकटीच्या हातची चव तिला कुणी सांगायला नको होती. सगळं ताट तिनं गुपचूप संपवलं.

"कधी शिकलात?"

ती गेल्यावर शिकलो, असं म्हणता आलं असतं. बहिणीनं ते मानलं असतं, कौतुकही केलं असतं. त्याच्या तोंडाशी आलंही होतं.

"पहिल्यापासून येत होतं," तो म्हणाला.

बहिणीनं रिकामं ताट बाजूला सरकवलं. मग अगदी हळू विचारलं, "मग तिला कशाला उठवत होतात?"

"ती उठायची तोवर मला वाटायचं..." एवढं बोलून तो थांबला. पुढे काय वाटायचं ते मोठ्यानं सांगण्यासारखं नव्हतं.

बहिणीनं आणलेला डबा न उघडताच पिशवीत घातला. भिंत धरून उठली. तो जिन्यापर्यंत मागोमाग गेला, हात पुढे केला, तर तिनं मागे न वळता सांगितलं, "राहू दे. मी जाईन." कठड्याला धरून एकेक पायरी ती उतरत गेली. तो वरून बघत उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानं भात केला, चांगला मोकळा, पण दोन माणसांचा झाला. उरलेला संध्याकाळी खाल्ला. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन माणसांचाच झाला.