कोरांटीतली बाई

नोकरीतल्या बऱ्याच घटना आता माझ्या डोक्यात एकमेकींत मिसळल्या आहेत. एका गावचा दरोडा मी दुसऱ्याच गावात नेऊन बसवतो आणि घरची मंडळी हसतात. ही एक घटना मात्र जागची हललेली नाही. तिच्यात खून नाही, चोरी नाही. एक बाई पहाऱ्यातून निघून गेली, एवढंच. नावं मी कुणाचीच देणार नाही. त्या घरातली माणसं आजही परभणी जिल्ह्यात नांदत आहेत.

निजामाचं राज्य होतं आणि महायुद्ध चालू होतं. रंगूनवर जपानी बॉम्ब पडले, तशी तिकडे पोट भरायला गेलेली माणसं मिळेल त्या बोटीनं परतायला लागली. आपल्या भागातून रंगूनला कोण मरायला गेलं असेल, असं तुम्हाला वाटेल. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. पण एका मुकादमानं आपल्या खेड्यांतली काही कुटुंबं तिकडच्या तांदळाच्या गिरण्यांत कामाला नेली होती. आता ती मद्रासला उतरून रेल्वेनं गावाकडे येत होती. बोटीवरच देवीच्या रोगानं त्यांना गाठलं होतं. वाटेत लेकरं दगावली होती. मला हुकूम आला की या लोकांना गावात जाऊ देऊ नका, पिंगळी स्टेशनावर उतरवून घ्या आणि करंतीन्यात ठेवा.

करंतीना म्हणजे साथीच्या संशयावरून माणसं वेगळी ठेवायची जागा. शब्द सरकारी, उर्दूतला. वरच्या कचेरीत तो ऐटीत म्हटला जायचा, पण पिंगळीपर्यंत येता येता त्याची 'कोरांटी' झाली. हमाल कोरांटी म्हणायचे, आमचे जवान कोरांटी म्हणायचे, आणि थोड्याच दिवसांत ठाण्याचा अमीन, म्हणजे फौजदार असूनही, मीही कोरांटीच म्हणायला लागलो. आमचा जमादार तेवढा शेवटपर्यंत करंतीना म्हणत राहिला. त्याला आपल्या उर्दूचा फार अभिमान होता.

स्टेशनापलीकडे कापसाचा एक बंद पडलेला जीन होता. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ही मंडळी ठेवली. सकाळ-संध्याकाळ हजेरी, दारावर पहारा, फिनेलचा वास आणि सरकारी भाकरी. नियम सोपा होता, पण निर्दय होता. शेडमध्ये नवा रोगी निघाला की सगळ्यांची मुदत पहिल्यापासून मोजायची. सुटकेचा दिवस जवळ आला की कुणाला तरी ताप चढायचा आणि सगळ्यांचे चेहरे उतरायचे. हैदराबादहून लस यायलाही उशीर झाला होता. पहाऱ्यावरच्या जवानांना लोक शिव्या द्यायचे, ते मी ऐकून न ऐकल्यासारखं करत असे. कोंडलेल्या माणसाला तेवढी सवलत द्यावी लागते.

मुदत अशी पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्याच पहाटे एक बाई नाहीशी झाली. हजेरीत तिच्या नावाची हाक पडली, ओ आली नाही. शेडमागे बायकांसाठी तरटाचा आडोसा केला होता. पहाऱ्यावरचा जवान सभ्य होता, त्या बाजूला पाठ करून उभा राहायचा. बाई त्याच बाजूनं गेली.

शेडमध्ये चौकशी केली तेव्हा तिच्याशेजारी झोपणाऱ्या म्हातारीनं आधी नन्नाचा पाढा लावला. मी दाराबाहेर चवड्यावर बसून राहिलो. अशा वेळी दरडावून काही निघत नाही, पण समोरचा माणूस उठून जात नाही हे दिसलं की बोलणारा आपोआप बोलतो. शेवटी ती म्हणाली, "सायब, कालपासून तिचं अंग तव्यावानी तापलं व्हतं. कुणाला सांगू नको म्हनली. नवरा तिकडंच मेला तिचा. लेक हाय म्हायेरी, आज्याकडं. अंगावरचं दूध सुटलं तशी तिला ठिवून गेली व्हती. एवढंच म्हनायची, लेकीला बगायचंय."

म्हणजे अंगात रोग घेऊन ती बाई लेकीकडे निघाली होती. त्या लेकीला लस टोचलेली नव्हती. दोन दिवसांनी ताडकळसचा बाजार भरणार होता आणि तिचं माहेर त्या बाजाराच्या वाटेवर होतं. मला त्या वेळी तिचा रागच आला, हे सांगायला हवं.

खबर दिली ती एका धनगरानं. तो मेंढरं घेऊन रुळाच्या कडेनं चालला होता. "पहाटंच्याला एक जन ताडकळसच्या अंगाला जायलं व्हतं," तो म्हणाला. "डोईवर पदर न्हाई, लुंगी नेसलेली. बाई का बाप्या तेच कळंना मला." रंगूनच्या बायका तिकडच्या पद्धतीची लुंगी नेसून आल्या होत्या, कारण लुगडी तिकडेच राहिली होती. खूण पटली. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर जमादार, सेहत खात्याचे डॉक्टर आणि मी टांग्यातून तिच्या माहेरी पोचलो.

गावात शिरलो तर गाव रिकामं. रंगूनच्या रोगाची चौकशी आली म्हटल्यावर सगळ्यांनी दारं लावून घेतली होती. पोलीस पाटीलही कामाचं निमित्त काढून परभणीला गेला होता. बाईचा बाप मात्र शेताकडून येताना वाटेतच भेटला. त्याच्या घराची झडती घेतली. घरात एक सातआठ वर्षांची पोरगी होती, हातात अर्धी भाकर घेऊन आमच्याकडे टकमका बघत होती. बाई नव्हती. आम्ही म्हाताऱ्याला चावडीवर बसवलं आणि जबानी घ्यायला लागलो.

"बाबा, रंगूनहून आलेली तुमची लेक कुठं आहे?"

"कोरांटीत हाय, साहेब."

"कोरांटीत नाही, म्हणून तर आलोय."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला. "न्हाई? आवो, आज सकाळच्याला तर व्हती!"

आदल्या पहाटेपासून बाई बेपत्ता, आणि हा आज सकाळी होती म्हणतो. इतकं उघडं खोटं बोलणारा माणूस मी पाहिला नव्हता. जमादाराला राहवलं नाही.

"अरे बाबा, करंतीने में रहती तो हम इधर कायकू आते?"

म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. "करंतीना काय असतंय, साहेब?"

"कोरांटी, बाबा, कोरांटी," मी समजावून सांगितलं.

"हां! मंग त्येच म्हनायलोय की म्या!"

जमादारानं कपाळावर हात मारला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. म्हातारा अधूनमधून उठायचा आणि म्हणायचा, "मला जाऊ द्या. दुपार व्हायली. तिच्या भाकरीचं काय?"

"तिच्या भाकरीची काळजी नको. कोरांटीत सरकार भाकरी देतं."

म्हातारा पुन्हा खाली बसला. जरा विचार करून हात जोडून म्हणाला, "सरकारचं लय उपकार. पर आमाला तर कुनी दिसलं न्हाई."

हा आपली टिंगल करतोय, असा जमादाराचा ग्रह झाला. मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण टिंगल करणारा माणूस असा पुन्हा पुन्हा उठून भाकरीची आठवण काढत नाही. खोटं बोलणारा माणूस प्रत्येक वेळी जबानीत थोडी भर घालतो, काही झाकतो, काही नटवतो. हा मात्र एकच वाक्य धरून बसला होता आणि प्रत्येक वेळी ते सांगून झाल्यावर सुटल्यासारखा बघत होता. माझ्या अनुभवात हे कुठं बसेना.

अशा वेळी मी विषय सोडून देत असे. शेतकऱ्याला शेतीचं विचारलं की तो माणसात येतो. मी त्याला बिडी दिली, पाणी दिलं आणि म्हणालो, "ते जाऊ द्या. यंदा शाळू कसा आहे?"

"कशाचा आलाय, साहेब. वड्याकाठचा सगळा पाखरानं खाल्ला." बिडीचा झुरका घेऊन तो जरा खुलला. "पर कोरांटीतला लय झ्याक हाय. कनसं बगा, अशी!" त्यानं दोन्ही हातांनी कणसाचा आकार दाखवला.

जमादारानं माझ्याकडे पाहिलं. मी जमादाराकडे पाहिलं.

"बाबा, कोरांटी म्हणजे काय?"

"आमचं वावर. बांधाला सगळी कोरांटी हाय न्हवं, काट्याची, पिवळ्या फुलाची. आज्याच्या वक्तापासून त्या वावराला कोरांटीच म्हनत्यात."

"और वो औरत?" जमादारानं विचारलं.

"तितंच खोपीत हाय की! सकाळपासून दुसरं काय सांगायलोय म्या?" म्हातारा आता खरोखर चिडला. "रोगी मानूस सरकारला नगं व्हतं का गावात? न्हाई आनलं गावात. घरातबी न्हाई घेतलं."

"मग पिंगळीला आम्ही माणसं ठेवली, त्याला तुम्ही काय म्हणता?"

"त्यो जीन हाय."

त्याचंही बरोबरच होतं. तो जीनच होता. जमादार तोंडावर रुमाल धरून चावडीबाहेर गेला. सरकारी कामात हसणं त्याला शोभत नसे.

माझं हसू मात्र लगेच मावळलं. मी विचारलं, "नात तिच्याजवळ गेली का?"

"न्हाई. तिची मायच येऊ देईना. वड्याच्या अल्याड उभी ऱ्हाती पोरगी, पल्याड माय. म्या भाकर बांधावर ठिवतो अन् मागं सरतो."

कोरांटी गावापासून बरीच लांब होती. ओढ्याला पाय बुडतील एवढंच पाणी होतं. पलीकडे कापणीला आलेला शाळू आणि मधोमध राखणीची खोपी. आम्ही ओढ्यात पाय घालतोय तोच खोपीतून आवाज आला.

"तितंच थांबा! अंगावर देवी आल्यात माज्या."

बाई बाहेर येऊन बसली. तोंडावर फोड दिसायला लागले होते. डोळे तापानं लाल झाले होते. तिनं माझा पोशाख पाहिला आणि हात जोडले.

"साहेब, बेड्या घाला, पर जीनात नेऊ नका. ताप आला म्हनल्यावर तुमी मला न्हेऊन कुठं टाकलं असतं, कुनास ठावं. म्या मेले तर मरू द्या. पर पोरीनं मला एकदा बगितलेलं असंल. मला तिनं बगितलेलंच न्हाई, साहेब. सोडून गेले तवा तिला वळख कुठं व्हती?"

"बघितलं ना आता तिनं?"

"बगती. पर मानंना. माय रंगूनला हाय म्हनती, ही लुंगीवाली बाई हाय."

हे सांगताना ती हसली. त्या हसण्यानं माझा उरलासुरला राग गेला.

हुकूम स्पष्ट होता, बाईला परत आणायचं. मी डॉक्टरांकडे पाहिलं. फार कमी बोलणारे गृहस्थ होते ते. म्हणाले, "बैलगाडीतून नेली तर वाटेवरची गावं धोक्यात येतील. आणि अशा तापात ती पोचेल की नाही, मी सांगू शकत नाही." एवढं मला पुरेसं होतं. मी वावराच्या चारी बाजूंना पहारा बसवला आणि वर कळवलं की बाई सापडली आहे, जागेवरच ठेवली आहे आणि ती जागा आता सरकारी करंतीना आहे. मोहतमीमसाहेबांनी, म्हणजे जिल्ह्याच्या आमच्या वरिष्ठांनी, मला बोलावून चांगलं फैलावर घेतलं. मी केलेला बंदोबस्त मात्र त्यांनी बदलला नाही.

डॉक्टरांनी त्याच दिवशी ओढ्याच्या अलीकडच्या काठावर म्हाताऱ्याला आणि पोरीला लस टोचली. पोरीनं रडून वावर डोक्यावर घेतलं. ओढ्यापलीकडून बाई ओरडली, "रडू नगं गं माजी बाय, झालं, झालं आता!" पोरगी एकदम गप्प झाली आणि दंड धरून तिकडे बघत राहिली.

पुढचे दिवस कठीण गेले. एकदा तर डॉक्टरांनी आशा सोडली होती. पोरगी रोज आज्याबरोबर यायची, अलीकडच्या काठावर बसायची आणि गावातल्या गोष्टी मोठ्यानं सांगायची. शेळी व्याली, शेजारणीचं भांडण झालं, असलं काहीही. पहाऱ्यावरचा जवान मला म्हणायचा, बाई जेवत नाही, पण पोरगी बोलत असेस्तोवर डोळे मिटत नाही. म्हाताऱ्याच्या घरात रोग गेला नाही, गावात गेला नाही, ताडकळसचा बाजारही भरला.

खपल्या गळून पडल्या आणि डॉक्टरांनी परवानगी दिली, त्या दिवशी पहारा उठवायला मी स्वतः गेलो. म्हाताऱ्यानं लुगडं आणलं होतं. ते नेसून बाई ओढ्याच्या काठापर्यंत आली आणि तिथंच उभी राहिली. तोंडभर व्रण होते. इतके दिवस जिथं थांबायची सवय झाली होती, तिथून तिचा पाय पुढं पडेना. मी म्हणालो, "जा की आता." तिला ऐकूच आलं नसावं. पोरगी अलीकडे उभी होती. तिनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पलीकडे.

"माय, आता येऊ का? का आजून न्हाई?"

 बाई आहे तिथंच खाली बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. पोरगी पाणी उडवत पलीकडे गेली. जमादार नाक शिंकरत टांग्याकडे गेला आणि मीही त्याच्या मागं गेलो. आम्हाला तिथं आता काही काम नव्हतं.

त्यानंतर फरारी माणसाचा तपास आला की जवान आधी विचारत, हा कशाला भिऊन पळाला? मी त्यांना दुसरंच विचारायला लावत असे. याची वाट कुठं, कोण बघतंय? या एका प्रश्नानं मला पुढे पुष्कळ माणसं सापडली. त्यातल्या काहींना बेड्या घालाव्या लागल्या, तो नोकरीचा भाग होता. पण त्या आधी थोडा वेळ मी त्यांना त्यांच्या माणसांजवळ बसू देत असे, आणि कुणी विचारलं तर पंचनामा चालू आहे म्हणून सांगत असे.