गोधडीचा घास

"मॅडम, या कोपऱ्यात काय टोचतंय?" मेघनाताईंनी बाळाची गोधडी माझ्यापुढे धरली. त्या पुण्याच्या एका दुकानाच्या क्यूसी, म्हणजे माल घेण्याआधी तो तपासणाऱ्या.

मी उमरग्याच्या एका कॉलेजात फॅशन डिझाइन शिकवते. जुनी साडी-धोतरं टाकून न देता त्यांतून नवी वस्तू करायची, याला आम्ही अपसायकलिंग म्हणतो. माझ्या वर्गातल्या पोरी गोधडीचे टाके आणि कोपऱ्यांवरचा कशिदा जवळच्या माकणी गावच्या शेवंताआजींकडून शिकत होत्या; आजी गोधडीला वाकळ म्हणतात. ही आमची पहिली ऑर्डर. ती नापास झाली तर या वर्गाची पुढची बॅच नाही, असं प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं.

मला वाटलं, दोऱ्याची गाठ असेल. कोपरा उसवला, तर आत ज्वारीच्या भाकरीचा वाळून कडक झालेला तुकडा. त्याच्यामागून दोन लाल मुंग्याही बाहेर आल्या. दुसरी गोधडी उसवली, तिच्यातही तेच.

"हे बाळाच्या अंगावर जाणार आहे. मी पास नाही करू शकत," मेघनाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, हेच जास्त लागलं.

पोरी माना खाली घालून बसल्या. शेवंताआजी मात्र निवांत होत्या.

"म्याच ठिवायला लावली की. शेवटचा कोपरा बंद करायच्या आदी वाकळंला घास द्यावा लागतो. उपाशी वाकळ लेकराला पांघरत न्हाईत."

"आजी, मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमी शिकलेल्या. ठावं आसंल वाटलं."

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. "घास काढावाच लागेल," मी म्हटलं. आजींनी पिशवी उचलली.

"मंग माजं हितं काय काम न्हाय."

दारापर्यंत गेल्या आणि तिथंच थांबल्या. "दुष्काळात माज्या आईनं धाकट्या भावाला वाकळ शिवली. घरात भाकर नव्हती. कोपरा तसाच रिकामा शिवला तिनं. भाऊ जगला, चांगला हाय. पर आई मरस्तवर म्हनायची, लेकराला म्या उपाशी पांघरलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला. मी त्यांना हाताला धरून परत बसवलं.

तेवढ्यात अर्चना बोलली. ही पोरगी वर्गात एरवी हजेरीपुरतं तोंड उघडते. "आजी, निवद देवाला दावतो आन् मंग आपुनच खातो. वाकळंला तसंच केलं तर?"

आजींनी बराच विचार केला. "चालंल," शेवटी म्हणाल्या. "पर लेकराच्या वाट्याचा घास हाय. लेकुरवाळीनंच खावा."

आम्ही सगळे कोपरे उसवले, गोधड्या गरम पाण्यातून काढल्या, कडक उन्हात वाळवल्या. मेघनाताई पुन्हा तपासायला आल्या तेव्हा पोरी शेवटचे कोपरे शिवत होत्या. आजींनी प्रत्येक उघड्या कोपऱ्यावर रुमाल अंथरून भाकरीचा घास टेकवला, हात जोडले आणि घास उचलून ताटलीत ठेवला. मग मेघनाताईंकडे वळल्या.

"बाई, तुमाला लेकरू हाय का?"

"आहे. नऊ महिन्यांचं. आईकडे ठेवून आलेय."

"मंग ह्ये तुमच्याच वाट्याचं."

मला वाटलं, आता नियम निघणार. मेघनाताईंनी हातमोजे काढले, एक घास तोंडात टाकला आणि सावकाश चावत राहिल्या. डोळे भरून आले होते. आजी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "नीट खावा. तुमी जेवलाव, की लेकरू जेवलं."

मग मेघनाताईंनी डोळे पुसले, मोजे चढवले आणि एकूणएक कोपरा चाचपून पाहिला. माल पास झाला.

नवी बॅच सुरू आहे. कारागिराच्या पद्धतीला कात्री लावण्याआधी तिचं कारण विचारायचं, एवढं मी शिकले. कोपरे बंद करायच्या दिवशी वर्गात एक लेकुरवाळी हजर लागते. ते वेळापत्रकात कसं बसवायचं, हे मात्र प्राचार्यांना अजून समजावता आलेलं नाही.