न भाजलेला राब

सारिका आमच्या शेजारची सून. डोळखांबच्या बाजूला आमचा पाडा, तिथल्याच शाळेत ती शिकवते. भाकऱ्या थापून, पाणी भरून वेळेवर निघते. मी धरणावर मजुरी केली. माणूस कामाला वेळेवर लागतो का, आधी एवढंच बघतो.

पर्यावरणाचे धडे ती मोबाइलवर एआयकडून लिहून घेते. पुस्तकात आमचा डोंगर नाही. त्याला पाड्याची माहिती दिली की निदान आमच्या झाडांची नावं तरी येतात. गेल्या वर्षी त्याने एक नाटुकलं लिहून दिलं. त्यात एक मूर्ख शेतकरी ऐनाच्या झाडाच्या फांद्या तोडतो, त्या पाल्याशेणासकट जाळून राब भाजतो आणि माती मारतो. राब म्हणजे भाताचं रोप टाकायचा तुकडा; तो आधी असा भाजायचा, हे इथे घरोघरी चालतं. मुलांनी नाटुकलं पालकांसमोर केलं. कोणी हसलं नाही. पाड्यातल्याच महिपतची नात त्याच शाळेत. त्याने बसल्या जागेवरून विचारलं, "बाई, तुमच्या घरचा धूर आमच्या दारात येतो, तो कसला?"

घरी येऊन सारिकाने सासूकडे, सकुबाईकडे, राबाचा अर्धा तुकडा न भाजता मागितला. वर्षाचं खाणं त्या भातावर. रोप कमी पडलं तर तेवढं शेत पडीक राहणार.

सकुबाई म्हणाली, "घे. पण कमी पडलं तर मागाया तू जायचं. मी नाय."

सारिकाने कुजलेलं शेणखत डोक्यावरून वाहिलं. हात राखला नाही. रोप चांगलं उगवलं, पण न भाजलेल्या जमिनीत गवतही तेवढंच उगवलं. शाळेआधी ती खुरपायची. मग मुरबाडला प्रशिक्षण लागलं, एसटीने जाऊन-येऊन दिवस संपायचा. तेवढ्यात गवताने रोप दाबलं.

लावणीला रोप कमी पडलं. सकुबाईने ओझ्याची चुंबळ सुनेसमोर ठेवली.

सारिका महिपतच्या दारात गेली. त्याची लावणी आटपली होती, रोप उरलं होतं. त्याने तिला जरा उभं ठेवलं.

"नाटकातला येडा मीच होतो ना गो?"

"मोबाइलनं लिहिलं," ती म्हणाली. "पण मुलांच्या हातात मीच दिलं, काका."

महिपतने जुड्या बांधायला घेतल्या. ऐन आता पार वर डोंगरात गेलाय, फांद्या आणताना गुडघे बोलतात, हे त्याने आपणहून सांगितलं.

"सगळंच खोटं नाय लिवलेलं. पण लिवायच्या आधी आमाला विचार."

यंदा तिने मुलांना आधी घरोघर पाठवलं. का भाजता, फांद्या कुठून आणता, गवत कोण काढतं. तेच एआयला सांगून नाटुकलं नव्याने लिहून घेतलं, आणि पालकांना वाचून दाखवून मगच मुलांना दिलं. त्यात आता कोणी मूर्ख नाही. शेवटी महिपतची नात विचारते, नाही भाजलं तर खुरपायचं कोणी? त्यावर पालक बराच वेळ भांडले.

सकुबाईने यंदा फक्त एक कोपरा न भाजता ठेवू दिला. सारिका शाळेत असली की तो सासूच खुरपते.