सौ. काळभैरव

नागपूरच्या महाल भागातल्या गोपिकाबाईंनी पिस्तूल कधी पाहिलं नव्हतं, मुंबईही नाही. भिवापूरचं माहेर सोडलं तर नागपूरबाहेर त्यांचं जाणंच नव्हतं. तरी १९६८ साली नवऱ्याची, मनोहररावांची, गिरणीतली नोकरी गेली आणि बाईंनी मुंबईतले खून लिहायला घेतले. सीताबर्डीच्या भैयाजी प्रकाशकांना महिन्याला एक रहस्यकथा हवी होती. "बाईच्या नावानं खून खपत नाही, वहिनी," म्हणत त्यांनी लेखकाचं नाव ठेवलं, काळभैरव.

आपण काय लिहितो याबद्दल बाईंना भ्रम नव्हता. त्यांचा तस्कर मोठ्या हॉटेलात उतरून झुणका मागवायचा. नायिका सिगारेट ओढायची, पण डोळे चुलीपुढं बसल्यासारखे चोळायची. कुणी विचारलंच तर मनोहरराव सांगत, "भजनं लिहून राहिली." मग एकादशीला शेजारणी नवं भजन मागत आणि बाई अर्धा खून बाजूला ठेवून विठ्ठलाला यमक शोधत.

एकाहत्तरमध्ये महिला मंडळाच्या सुभद्राबाईंनी चावट पुस्तकांविरुद्ध सभा घेतली. भाषण करायला गोपिकाबाईंनाच उभं केलं. नाही म्हणावं तर संशय यायचा. त्यांनी काळभैरवाला सोलून काढलं. "या माणसाला लाज नाही, अन् भाषाही नाही!" दुसरा आरोप त्यांनी अगदी मनापासून केला.

टाळ्या थांबल्यावर सुभद्राबाई हळहळल्या, "त्याच्या घरच्या बाईचं कसं होत असंल वं!"

त्या बाईसाठी गोपिकाबाईंनाही क्षणभर वाईट वाटलं.

आठवड्यात पुस्तकं संपली. भैयाजी म्हणाले, "वहिनी, आणखी एक भाषण ठोका नं."

चौऱ्याऐंशी साली भैयाजींनी नव्या आवृत्तीवर बाईंचं खरं नाव छापलं, फोटोसकट. बाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मंडळातली जया दारात आली. बँकेत नोकरी करणारी मुलगी. "काकू, आम्ही तुमचा सत्कार करून राहिलो."

बाई हुरळल्या. स्त्रीच्या धाडसावर त्यांनी चार पानी भाषण लिहिलं आणि सत्काराच्या दिवशी ते वाचता वाचता स्वतःला धाडसी समजूही लागल्या. तेवढ्यात पहिल्या रांगेतून सुभद्राबाई उठल्या.

"काहून वं गोपिका, तुझा तो डॉक्टर पाचव्या प्रकरणात मेला. मग अकराव्यात लग्न कसा करते?"

सभागृहात हशा पिकला. बाईंनी भाषण मिटलं. "महिन्याला एक पुस्तक लिहा लागे, बाई. कोण मेलं, हे कुठं ध्यानात ठेवू?" मग त्यांना एकदम सुचलं. "पण तुम्ही वाचलं कधी?"

"सारीच वाचली," सुभद्राबाई ताठ मानेनं म्हणाल्या. "निषेध का उगाच होते?"

त्यानंतर बाईंनी स्वतःच्या नावानं तीन रहस्यकथा लिहिल्या. सुभद्राबाई आधी हस्तलिखित तपासत आणि चुकांवर लाल शाईनं खुणा करत. पुस्तकं पूर्वीइतकी खपली नाहीत. बाई म्हणत, "चुकाच खपत होत्या माह्या."