शेवटची वीतभर जागा

साळवे गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरातलं पुस्तकांचं कपाट आवरत होते. फोन त्यांच्या पत्नीचा, मंगलताईंचा. "बाई, ह्यांचं सकाळीच..." एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता काही आठवडे झाले, पण कपाट अजून अर्धवटच आहे.

अरविंद साळवे पुणतांब्याचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा नगरजवळ नागापूरला साचे बनवणाऱ्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो; मी ड्रॉइंग विभागात, ते कम्प्युटर सांभाळायला. माणूस तिरसट. कुणी "मशीन बंद पडलंय" म्हटलं की आधी "तुमी काय केलंत?" असं विचारणार. आमचं रोज वाजायचं आणि चहाही रोज बरोबरच व्हायचा. फावल्या वेळात ते लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीसाठी मराठी अक्षरं तयार करायचे, पडद्यावर ठिपक्याला ठिपका जोडून. 'ळ' मनासारखा जमला त्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसला भजी खिलवली होती.

कारखान्याची सगळी ड्रॉइंग एकाच लिनक्स मशीनवर होती. आत दोन डिस्क. एकीवर लिहिलं की दुसरीवर आपोआप तेच उतरायचं. एक गेली तरी दुसरी आहे, या भरवशावर कारखान्याच्या शेठनी टेपवर वेगळी प्रत ठेवू दिली नव्हती. साळवे त्यावरून भांडून दमले होते. एका उन्हाळ्यात पहिली डिस्क गेली. पुण्याहून दुसऱ्या कंपनीची नवी मागवली, खोक्यावर तोच 'चार जीबी'चा आकडा. ती हातात पडेपर्यंत उरलेली डिस्कही टकटक वाजायला लागली होती, आणि नवीला लिनक्स जोडीत घेईना.

साळव्यांनी पडद्यावरचे आकडे पुन्हा पुन्हा पाहिले. "दोनी कंपन्या चारच म्हनत्यात. पन हिचं चार चिमूटभर कमी हाय."

"चिमूटभरच ना? मग दाबून बसवा," शेठ म्हणाले.

"शेठ, ही काय बॅग हाय का?"

माझी कित्येक वर्षांची मेहनत त्या एका आजारी डिस्कवर होती, आणि ती गेली असती तर कारखान्याचंही काही खरं नव्हतं. ऑफिसातल्या कुणीतरी सुचवलं, जुन्या डिस्कवरचा भाग जरा लहान करा, मग नवी बसेल. साळवे उसळलेच. "तिला हात लावायचा न्हाई. तिची आता फक्त धुगधुगी हाय. ती सांगतीय तेवढं ऐकून घ्यायचं."

मग त्यांनी नव्या डिस्कवर नवी, जरा लहान जोडी मांडली; जोडीदाराची जागा रिकामी ठेवून एकटीचीच जोडी. तिच्यावर जुनीवरचं एकेक फोल्डर उतरवायला घेतलं. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, कशावाचून कारखाना अडंल ते आधी सांगा." मी चालू कामांचे साचे सांगितले, मग त्यांच्या मागचे... शेठ खुर्ची सोडून दाराशी उभे होते. ड्रॉइंग उतरली, हिशेब उतरले, आणि टकटक थांबली. डिस्क कायमची गेली होती. राहिलं होतं फक्त साळव्यांचं फोल्डर, अक्षरांचं.

मला रडूच आलं. "एवढंसं तर होतं, आधी का नाही घेतलंत?"

"तुमी सांगितलं न्हाई," ते म्हणाले, आणि चहा सांगायला उठले.

अक्षरं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून काढली. 'ळ' मात्र पहिल्यासारखा झाला नाही, असं शेवटपर्यंत म्हणायचे. काही दिवसांनी जोडीदार डिस्क आली, ती आणखी तिसऱ्याच कंपनीची आणि नवीहूनही थोडी कमी. तरी ती मुकाट्याने बसली, कारण नवी जोडी मांडतानाच त्यांनी शेवटी थोडी जागा कोरी सोडली होती. पुढं येणारी केवढी असेल ते आपल्याला काय ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. ही खोड पुढे घरापर्यंत गेली. पुस्तकांच्या प्रत्येक फळीच्या शेवटी वीतभर जागा मोकळी. मी त्यावरून त्यांना भरपूर चिडवलं आहे.

परवा त्यांच्या घरी गेले होते. वाचायला नेलेली पुस्तकं लोक परत आणून देत होते आणि मंगलताई ती फळीवर लावत होत्या. फळी गच्च भरली. तेव्हा शेवटचं पुस्तक काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "हे तुमी न्या. ह्यांना असं गच्च बघवत न्हवतं."

माझ्या कपाटात बोट शिरायला जागा नव्हती. ते एक पुस्तक ठेवायला मी आधी चांगली वीतभर पुस्तकं बाहेर काढली, आणि ते फळीवर ठेवून उरलेली जागा तशीच राहू दिली.